सामायिक स्मृती आणि तिची मर्यादा

कोणत्याही मोठ्या कचेरीत दप्तरखाना आणि कारकुनांची बसण्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या असतात. दप्तरखान्यात हजारो नोंदवह्या फडताळांवर रचलेल्या असतात. त्या तेथे सुरक्षित राहतात. परंतु हवी ती वही तेथे जाऊन शोधून आणण्यात पुष्कळ वेळ मोडतो. म्हणून रोज लागणाऱ्या वह्या बाहेरच्या एका लांबरुंद मेजावर काढून ठेवण्याचा प्रघात पडतो. मेजाभोवती बसलेले सर्व कारकून त्याच वह्या पाहतात आणि त्यांतच नोंदी करतात. प्रत्येकाने वहीची नक्कल आपल्या घरी नेऊन तीत फेरफार केले, तर संध्याकाळी एकाच शेताचे दोन मालक ठरतील.

डेटाबेस सर्व्हरची रचना याहून फारशी निराळी नाही. माहितीचा कायमचा साठा डिस्कवर असतो. तो झाला दप्तरखाना. त्यातील नेहमी लागणारा भाग संगणकाच्या मुख्य स्मृतीत, सर्वांना दिसेल अशा एका विभागात आणून ठेवलेला असतो. ते झाले मेज. या विभागाला शेअर्ड मेमरी, म्हणजेच सामायिक स्मृती, असे म्हणतात. हे मेज किती मोठे असावे, ते मांडण्याची परवानगी कोणी द्यावयाची आणि जागा अपुरी पडल्यास काय घडते, हे प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचे वाटतात. परंतु रुग्णालयाच्या नोंदणीची खिडकी, बँकेचा गल्ला, शिधावाटपाची यादी या सर्वांमागे आज असा एखादा सर्व्हर उभा असतो. तो सुरूच झाला नाही, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याची झळ पोहोचते.

या विषयाचे स्वरूप नीट कळावे म्हणून येथे पोस्टग्रेस-क्यूएल हा डेटाबेस आणि लिनक्स ही कार्यप्रणाली यांचे उदाहरण घेतले आहे. दोन्हींची आज्ञावली सर्वांना खुली असल्याने त्यांचे अंतरंग पडताळून पाहता येते.

एक प्रत, अनेक हात

संबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली 1986 मध्ये पोस्टग्रेस हा प्रकल्प सुरू झाला, आणि 1996 मध्ये त्याच्या वारसाला पोस्टग्रेस-क्यूएल हे नाव मिळाले. या डेटाबेसची एक जुनी चाल अद्याप कायम आहे. बाहेरून जोडणी मागणाऱ्या प्रत्येकासाठी तो एक स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करतो. शंभर जण जोडले गेले, तर शंभर प्रक्रिया उभ्या राहतात.

आता कार्यप्रणालीचा सर्वसाधारण नियम असा की, एका प्रक्रियेची स्मृती दुसरीला दिसत नाही. हा नियम हिताचाच आहे. एका कार्यक्रमातील चूक त्यामुळे दुसऱ्याला बाधत नाही. परंतु डेटाबेसच्या बाबतीत हाच नियम आड येतो. एका प्रक्रियेने रुग्णखाटेची नोंद 'भरलेली' अशी बदलली आणि दुसरीला मात्र आपल्या खाजगी प्रतीत ती 'रिकामी' दिसली, तर एकाच खाटेवर दोन रुग्ण पाठविले जातील. यास्तव सर्व प्रक्रियांना एकच प्रत दिसणे अपरिहार्य ठरते. सामायिक स्मृतीचे प्रयोजन हेच होय. वेग हा तिचा मोठा लाभ खरा. परंतु मूळ प्रश्न सत्याची प्रत एकच असण्याचा आहे.

या विभागात काय काय असते? सर्वांत मोठा भाग माहितीच्या पृष्ठांचा. पोस्टग्रेसमध्ये असे एक पृष्ठ सामान्यतः 8 किलोबाइटांचे असते, आणि पृष्ठे ठेवण्याच्या या जागेला 'शेअर्ड बफर्स' म्हणतात. दुसरा भाग कुलपांच्या तक्त्याचा: कोणत्या नोंदी कोणी अडवून धरल्या आहेत, हे तेथे नोंदलेले असते. तिसरा भाग चालू प्रक्रियांच्या यादीचा. चौथा भाग रोजनाम्याचा. कोणताही बदल मूळ पृष्ठावर उतरण्यापूर्वी त्याची नोंद रोजनाम्यात करून ती डिस्कवर पक्की करावी लागते. अचानक वीज गेली तर मेजावरचे सर्व काही पुसले जाते. परंतु रोजनामा वाचून हरवलेले बदल पुन्हा घडवून आणता येतात. सामायिक स्मृती क्षणभंगुर असूनही तिच्यावर भिस्त ठेवता येते, ती या व्यवस्थेमुळे.

मेजावर जागा उरली नाही की जुनी वही उचलून नवी ठेवावी लागते. कोणती वही उचलावी, हे ठरविण्याची पद्धत सोपी आहे. पृष्ठ वापरले गेले की त्याच्या खात्यात एक गुण वाढतो. पाचांहून अधिक गुण कोणाला मिळत नाहीत. जागेचा शोध घेणारा काटा घड्याळाप्रमाणे फिरत जातो आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक पृष्ठाचा एकेक गुण कमी करतो. ज्याचे गुण शून्यावर आले आहेत आणि जे त्या क्षणी कोणी वापरत नाही, ते पृष्ठ बाहेर जाते. एखाद्याला प्रचंड तक्ता आरंभापासून अखेरपर्यंत वाचावयाचा असेल, तर त्याने सारे मेज व्यापू नये म्हणून त्याला केवळ एक लहानसा कोपरा दिला जातो, आणि तेवढ्याच जागेत तो आपल्या वह्या पुनःपुन्हा बदलत राहतो.

परवानगीचा प्रश्न

सामायिक स्मृती कोणालाही मनास येईल तेवढी घेता येत नाही. ती कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, मागावी लागते. युनिक्समधील या सोयीचा उगम बेल प्रयोगशाळेच्या ओहायो राज्यातील कोलंबस येथील शाखेत झाला, आणि 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिस्टिम फाइव्ह' या आवृत्तीद्वारे तिचा सर्वत्र प्रसार झाला. तेव्हापासून कर्नेलने या सोयीवर काही मर्यादा घालून ठेवल्या. त्यांपैकी तिघींची नावे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या तोंडी पक्की बसलेली आहेत. 'शममॅक्स' ही एका विभागाची कमाल लांबी. ती बाइटांत मोजतात. 'शमऑल' ही सर्व विभागांची मिळून कमाल बेरीज; ती मात्र कर्नेलच्या पृष्ठांत मोजतात, आणि हे पृष्ठ नेहमीच्या संगणकांवर 4 किलोबाइटांचे असते. 'शममनी' ही विभागांच्या संख्येची मर्यादा.

लिनक्सच्या जुन्या कर्नेलमध्ये शममॅक्सचे मूळ मूल्य अवघे 32 मेगाबाइट होते. स्मृती महाग होती त्या काळाचा तो वारसा. समजा, त्या दिवसांत एका जिल्हा रुग्णालयाने आपल्या सर्व्हरसाठी 16 गिगाबाइट स्मृतीचा नवा संगणक घेतला. सर्व्हर सांभाळणाऱ्याने शेअर्ड बफर्सचे मूल्य 4 गिगाबाइट असे लिहिले आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली. तो बंद झाला. सुरू मात्र झाला नाही. पडद्यावर उत्तर आले की सामायिक स्मृतीचा विभाग निर्माण करता आला नाही, कारण दिलेले मूल्य अमान्य आहे.

अशा वेळी मनुष्य आपण लिहिलेल्या आकड्यात चूक शोधू लागतो. वस्तुतः आकडा बरोबर असतो; कर्नेलची परवानगी तोकडी असते. हे ध्यानात आल्यावर तो शममॅक्स वाढवून नेमके 4 गिगाबाइट, म्हणजे 4,29,49,67,296 बाइट करतो. तरीही सर्व्हर सुरू होत नाही. कारण शेअर्ड बफर्स हा विभागाचा सर्वांत मोठा भाग असला, तरी तो संपूर्ण विभाग नव्हे. कुलपांचा तक्ता, प्रक्रियांची यादी आणि रोजनाम्याची जागा मिळून मागणी 4 गिगाबाइटांच्या थोडी वर जाते. मर्यादा मागणीहून सढळ ठेवावी लागते.

दुसरा घोटाळा शमऑलचा. 4 गिगाबाइटांची पृष्ठे होतात 10,48,576. शमऑल याहून कमी असेल, तर कर्नेल जे उत्तर देतो त्याचा शब्दशः अर्थ 'साधनावर जागा शिल्लक नाही' असा होतो. तो वाचून कित्येकांनी डिस्कवरील जुन्या फायली पुसण्यात तासन्‌तास घालविले असतील. डिस्कचा या उत्तराशी काडीचाही संबंध नसतो.

तिसरी चूक सर्वांत घातक, कारण ती लपून राहते. या मर्यादा चालू यंत्रावर तात्पुरत्या बदलता येतात, आणि तसे केल्यास सर्व्हर लगेच सुरूही होतो. परंतु तो बदल कर्नेलच्या नेमणुकांच्या फाइलीत लिहून ठेवला नाही, तर यंत्र पुन्हा सुरू होताच तो नाहीसा होतो. सहा महिने सर्व सुरळीत चालते. मग एखाद्या पावसाळी रात्री वीज जाते, पहाटे यंत्र सुरू होते. डेटाबेस मात्र उठत नाही. सकाळी नोंदणीच्या खिडकीपुढे रांग वाढू लागते आणि ज्याने बदल केला होता त्याची बदली होऊन गेलेली असते. म्हणून केलेला प्रत्येक बदल फाइलीत उतरविणे आणि एकदा यंत्र पुन्हा सुरू करून त्याची प्रचीती घेणे, हे कामाचेच अंग मानले पाहिजे.

बदललेली परिस्थिती

या कटकटीतून 2013 साली बव्हंशी सुटका झाली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या 9.3 या आवृत्तीने सामायिक स्मृती मागण्याची वाटच बदलली. मोठा विभाग आता निराळ्या पद्धतीने, स्मृतीच्या अनामिक नकाशाद्वारे मागितला जातो, आणि त्याला शममॅक्सची मर्यादा लागू होत नाही. पुढे 2014 मध्ये लिनक्सच्या 3.16 या कर्नेलने शममॅक्स व शमऑल यांची मूळ मूल्येच इतकी वाढविली की व्यवहारात त्या मर्यादा उरल्या नाहीत. जुनी पुस्तके पाहून हे आकडे आजही बदलणारे पुष्कळ आढळतात. बहुतेक ठिकाणी आता त्याची आवश्यकता नाही.

तथापि जुन्या पद्धतीचा एक अगदी लहानसा विभाग पोस्टग्रेसने मुद्दाम राखून ठेवला आहे. त्याची लांबी शंभर बाइटही नाही. मग तो कशासाठी? या विभागाला किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत, हे कर्नेलला विचारता येते; अनामिक नकाशाच्या बाबतीत तसे विचारता येत नाही. समजा, मुख्य प्रक्रिया काही कारणाने मरण पावली, परंतु तिची एखादी अपत्य प्रक्रिया मागे राहिली. अशा वेळी त्याच माहितीवर दुसरा सर्व्हर सुरू केला, तर एका दप्तरखान्यावर दोन मेजे मांडली जातील आणि वह्यांची नासाडी होईल. नवा सर्व्हर त्या लहानशा विभागाकडे पाहतो. त्याला कोणी जोडलेले दिसले तर सुरू होण्याचे नाकारतो. हा नकार दोष नव्हे, तो पहारा आहे. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून त्याची कुलूप-फाइल घाईने पुसून टाकणे म्हणजे पहारेकऱ्याला दूर सारण्यासारखे आहे. मागे राहिलेली प्रक्रिया शोधून ती नीट बंद करणे हाच योग्य मार्ग होय.

मेज किती मोठे असावे?

मर्यादा उठल्याने प्रश्न संपत नाही. तो परवानगीकडून विवेकाकडे वळतो. शेअर्ड बफर्सचे मूळ मूल्य आज 128 मेगाबाइट असते. कोणत्याही लहान यंत्रावर सर्व्हर सुरू व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या, 1 गिगाबाइट किंवा अधिक स्मृतीच्या यंत्रावर एकूण स्मृतीच्या चतुर्थांशापासून आरंभ करावा, आणि चाळीस टक्क्यांच्या पुढे जाऊन सहसा अधिक लाभ होत नाही, असे पोस्टग्रेसची अधिकृत पुस्तिका सांगते.

सारीच स्मृती मेजाला का देऊ नये? याचे पहिले कारण असे की, पोस्टग्रेस डिस्कवरील फायली कर्नेलच्या मार्फत वाचतो, आणि कर्नेलही वाचलेल्या फायली आपल्या स्मृतीत सांभाळून ठेवतो. म्हणजे मेज आणि दप्तरखाना यांच्यामध्ये आणखी एक फळी असते. मेज फार वाढविले तर ही फळी आखूड होते, आणि पुष्कळ पृष्ठे दोन्हीकडे राहून जागा दुप्पट अडते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रत्येक कारकुनाला सामायिक मेजाखेरीज स्वतःची एक पाटीही लागते. क्रम लावणे, जुळवाजुळव करणे ही कामे प्रक्रिया आपल्या खाजगी स्मृतीत करते. त्या जागेची मर्यादा 'वर्क मेम' या मूल्याने ठरते आणि ती मूळची 4 मेगाबाइट असते. ही मर्यादा एका जोडणीसाठी नव्हे, तर एका क्रियेसाठी आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उपरोक्त रुग्णालयात कोणी वर्क मेम 64 मेगाबाइट केले, शंभर जोडण्या एकाच वेळी कामात असल्या आणि प्रत्येकीत अशा दोन क्रिया चालल्या, तर 12,800 मेगाबाइट, म्हणजे साडेबारा गिगाबाइट लागतील. त्यात मेजाचे 4 मिळविले की साडेसोळा होतात. यंत्राची स्मृती आहे सोळा. असा योग रोज येत नाही. परंतु तो येतो तेव्हा गर्दीच्या दिवशीच येतो.

मेज पुरेसे आहे की नाही, याचा अंदाज सर्व्हरने ठेवलेल्या मोजणीवरून घेता येतो. किती पृष्ठे मेजावरच सापडली आणि किती बाहेरून आणावी लागली, हे तो सांगतो. मात्र बाहेरून आणलेले पृष्ठ डिस्कवरून आले की कर्नेलच्या फळीवरून, हे या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून केवळ प्रमाण पाहून मेज वाढवीत जाऊ नये. कामाला प्रत्यक्ष लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजून पाहावा. बदल एका वेळी एकच करावा. शेअर्ड बफर्सचे नवे मूल्य सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावाचून लागू होत नाही. तेव्हा हा प्रयोग गर्दीच्या वेळी करावयाचा नसतो.

पानांच्या सूचीचा भार

मेज मोठे झाले की एक अदृश्य खर्च वाढतो. प्रत्येक प्रक्रियेला सामायिक स्मृतीतील पाने कोठे आहेत हे सांगणारी एक सूची कर्नेल स्वतंत्रपणे बाळगतो. 4 किलोबाइटांच्या पानांप्रमाणे 4 गिगाबाइटांना 10,48,576 नोंदी लागतात. प्रत्येक नोंद 8 बाइटांची. म्हणजे सारे मेज चाळणाऱ्या एका प्रक्रियेची सूची 8 मेगाबाइटांची होते. अशा शंभर प्रक्रियांच्या सूच्या 800 मेगाबाइट खातात, आणि हे सर्व केवळ एकाच मेजाचे पत्ते लिहिण्यासाठी.

यावर तोडगा मोठ्या पानांचा. 2 मेगाबाइटांची पाने वापरली तर त्याच 4 गिगाबाइटांना 2,048 नोंदी पुरतात आणि सूची 16 किलोबाइटांवर येते. ही मोठी पाने कर्नेलकडे आधीच राखून ठेवावी लागतात. मघाच्याच कारणास्तव 2,048 हा आकडा मात्र अपुरा पडतो. नेमकी संख्या किती हवी, हे 2022 मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून सर्व्हरच सांगू शकतो. राखलेली पाने इतर कोणाच्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून ती गरजेहून फार अधिक राखणे हीदेखील उधळपट्टीच ठरते.

टंचाईच्या वेळी

स्मृती खरोखरच संपली तर लिनक्सचा कर्नेल एखाद्या प्रक्रियेचा बळी देऊन यंत्र वाचवितो. हा बळी डेटाबेसच्या एका प्रक्रियेचा पडला, तर हानी तेवढ्यावर थांबत नाही. मरणारी प्रक्रिया मेजावरची एखादी वही अर्धवट लिहून गेली असण्याची शक्यता असते. म्हणून मुख्य प्रक्रिया कोणताही धोका न पत्करता उरलेल्या सर्व प्रक्रिया बंद करते, मेज साफ करते आणि रोजनामा वाचून पुन्हा आरंभ करते. एकाच्या मृत्यूने सर्वांच्या जोडण्या तुटतात. हे कठोर वाटले तरी संशयास्पद नोंदीवर विसंबण्यापेक्षा ते बरे. स्मृतीची कबुली ऐपतीबाहेर देऊ नये, असे कर्नेलला बजावण्याची सोय आहे. तिचा अवलंब केल्यास अचानक बळी जाण्याऐवजी एखाद्याच मागणीला नकार मिळतो.

आणखी दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. पोस्टग्रेस 9.6 या 2016 च्या आवृत्तीपासून एकच प्रश्न अनेक प्रक्रियांना वाटून सोडविता येतो, आणि त्यासाठी काही तात्पुरते सामायिक विभाग ऐनवेळी निर्माण होतात. सर्व्हर 'डॉकर'सारख्या पेटीत चालत असेल, तर अशा विभागांसाठी तेथे मुळात 64 मेगाबाइटच जागा मिळते. मोठ्या प्रश्नाला 'जागा शिल्लक नाही' हे परिचित उत्तर पुन्हा मिळते. दुसरा प्रसंग असा की, काही लिनक्स व्यवस्थांत एखादा सामान्य वापरकर्ता यंत्रावरून बाहेर पडला की त्याच्या नावावरील सामायिक वस्तू आपोआप झाडून टाकल्या जातात. डेटाबेस अशा सामान्य वापरकर्त्याच्या नावे चालविला असेल, तर चालू कामाचे विभागही केरात जातात. डेटाबेससाठी यंत्रणेचा स्वतंत्र वापरकर्ता असावा किंवा ही झाडलोट बंद ठेवावी, हाच उपाय.

एकंदरीत पाहता सामायिक स्मृतीची नेमणूक हे जादूचा आकडा शोधण्याचे काम नाही. यंत्राची एकूण स्मृती किती, एका वेळी जोडले जाणारे किती, प्रत्येकाच्या खाजगी कामाला किती लागेल आणि कर्नेलच्या फळीसाठी किती सोडावी, हा एक घरगुती जमाखर्च आहे. तो कागदावर मांडावा, बदल फाइलीत लिहावा, शांत वेळी यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे आणि काय केले व का केले याची नोंद मागून येणाऱ्यासाठी ठेवावी. रात्री वीज गेल्यानंतर सकाळी नोंदणीची खिडकी वेळेवर उघडली, तर रांगेतील कोणालाही या जमाखर्चाची वार्ता लागत नाही.